अनोळखी फाईल आधी बाहेरच्या खोलीत : मलकापूरसारख्या गावांना 'आभासी संगणक' का हवा?

लग्नपत्रिका, आरटीओचे चलन, थकलेल्या लाईटबिलाची नोटीस, पीएम किसानचा हप्ता, बँकेचे केवायसी. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडणाऱ्या फायलींची ही यादी. नाव काहीही असो, शेवटी तीनच अक्षरे असतात : एपीके. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अशीच पत्रिका आली. ३० ऑगस्टचे लग्न, अगत्याचे आमंत्रण. पत्रिका समजून फाईल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

अशी बातमी आली की पोलीस, बँका आणि फोनची रिंगटोन, सगळे एकच सांगतात : अनोळखी फाईल उघडू नका. सल्ला चुकीचा नाही. पण आम्हाला वाटतं, तो अर्धा आहे. ज्याचे पोटच दिवसभर दुसऱ्यांच्या फायली उघडण्यावर चालते, त्याने काय करायचे? त्याने फाईल नाही उघडली तर काम थांबते, उघडली तर धोका. या कात्रीतून सुटायची एक वाट संगणकशास्त्राकडे कित्येक वर्षांपासून आहे. ती वाट गावापर्यंत का पोहोचली नाही, हा आजचा विषय.

फाईल न उघडून चालत नाही

मलकापूरचेच उदाहरण घेऊ. कऱ्हाडजवळचे नव्हे, बुलढाणा जिल्ह्यातलेही नव्हे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, आंबा घाटाच्या अलीकडचे, शाहूवाडी तालुक्याची बाजारपेठ असलेले मलकापूर. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं कागदाच्या कामाला खाली इथेच येतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड, पासपोर्ट, पीक विमा, हजचा अर्ज, सगळे आता ऑनलाईन. ज्याच्याकडे संगणक नाही तो सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातो.

केंद्रातल्या पोराचा दिवस कसा जातो ते डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाईक म्हणतं, "पोरानं मुंबईवरून कागद पाठवलेत, व्हॉट्सअॅपला आहेत, काढून दे." दुसरा खिशातून पेनड्राइव्ह काढतो. तिसऱ्याला कुणीतरी फॉरवर्ड केलेला 'नवीन फॉर्म' भरायचा असतो. त्याच संगणकावर केंद्राचे लॉगिन असते, बँकेचे काम असते आणि मागच्या आठवड्यात येऊन गेलेल्या लोकांची आधारकार्डे 'डाउनलोड्स'मध्ये तशीच पडलेली असतात. एका माणसाच्या पेनड्राइव्हमधून आलेला किडा मग शंभर घरांच्या कागदांपर्यंत जातो.

पतसंस्थेच्या कारकुनाचे तेच, शाळेच्या क्लार्कचे तेच, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या ट्रस्टचे कागद सांभाळणाऱ्या माणसाचेही तेच. ६ जून २०२५ रोजी केंद्राने वक्फ मिळकतींसाठी 'उमीद' पोर्टल सुरू केले आणि नोंदणीला सहा महिन्यांची मुदत दिली. जुन्या मिळकतीचे कागद शोधायचे, स्कॅन करायचे, चढवायचे. ज्यांनी आयुष्यात कधी माऊस धरला नाही अशा मुतवल्लींनी ही धावपळ केली ती अशाच केंद्रांत बसून. मुदत डोक्यावर असली की माणूस लिंक तपासत बसत नाही, जे येईल ते उघडतो. ठगांना नेमकी हीच घाई हवी असते.

विलगीकरणाची खोली, पण संगणकात

२०२० चा उन्हाळा आठवा. मुंबईहून आपलीच माणसं गावी आली. ती आपली होती, तरी त्यांना थेट घरात घेतले नाही. गावच्या शाळेत ठेवले, चौदा दिवस पाहिले, मग घराचा उंबरठा ओलांडू दिला. त्यात अपमान नव्हता, सावधगिरी होती. येणारा वाईट आहे असे आपण म्हणत नव्हतो. अजून माहीत नाही, एवढेच म्हणत होतो.

व्हर्च्युअल मशिन म्हणजे आभासी संगणक. ही व्यवस्था तीच आहे, फक्त संगणकाच्या आत. तुमच्या संगणकात एक सॉफ्टवेअर टाकले जाते. ते खऱ्या मशिनची थोडी मेमरी आणि डिस्कची थोडी जागा वेगळी काढून तिच्यात दुसरा, स्वतंत्र संगणक उभा करते. तो स्क्रीनवर एका खिडकीत दिसतो. त्याचे स्वतःचे विंडोज किंवा लिनक्स असते, स्वतःची 'सी' ड्राइव्ह असते. आतल्या प्रोग्रॅमला वाटते की आपण खऱ्याच मशिनवर आहोत. खऱ्या मशिनला तंत्रज्ञ 'होस्ट' म्हणतात, म्हणजे यजमान. आतल्याला म्हणतात 'गेस्ट', म्हणजे पाहुणा.

अनोळखी फाईल या पाहुण्या संगणकात उघडायची. तिच्यात विष असेल तर पाहुणा संगणक मरतो, यजमान शाबूत राहतो. याहून मोठी सोय म्हणजे 'स्नॅपशॉट'. चाचणीच्या आधी आतल्या संगणकाची आहे त्या अवस्थेची छबी काढून ठेवायची. चाचणी झाली की एका क्लिकवर पुन्हा त्याच अवस्थेला आणायचे. आत काय घाण झाली याचा विचार नको, सगळी पाटी पुसली जाते.

ही कल्पना नवी नाही. एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालवण्याचे काम आयबीएमने १९६० च्या दशकातच केले होते. आज तुमचे बँक खाते आणि रेल्वेचे तिकीट ज्या सर्व्हरवरून चालते, त्यांतले बहुतेक असेच आभासी असतात. अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत नवा विषाणू हाती आला की तो आधी अशाच बंद खोलीत सोडून पाहतात. त्या खोलीला 'सँडबॉक्स' असेही नाव आहे. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचा धंदाच विषाणू ओळखण्याचा. साताऱ्यातल्या रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि भाऊ संजय यांच्या साथीने ही कंपनी उभी केली. म्हणजे ही विद्या अमेरिकेतच आहे असे नाही, आपल्यापासून फार तर दोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे. गावातल्या दुकानापर्यंत ती आली नाही, एवढेच.

क्रॅक, फॉन्ट आणि इनपेज

अनोळखी डाउनलोड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठग येतो. पण छोट्या गावातले सर्वांत मोठे अनोळखी डाउनलोड आपण स्वतःच शोधून आणतो. त्याचे नाव 'क्रॅक'.

फ्लेक्स छापणाऱ्याला कोरलड्रॉ हवा, डीटीपीवाल्याला पेजमेकर आणि मराठीचे फॉन्ट, हिशेबवाल्याला अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर. मूळ परवान्याची किंमत परवडत नाही, मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून किंवा कुठल्या तरी साईटवरून क्रॅक येतो. सोबत सूचना असते : 'आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा.' जरा विचार करा. घरात शिरायच्या आधी दारातला कुत्रा बांधून ठेवा असे सांगणारा पाहुणा कोण असेल? तरी आपण कुत्रा बांधतो, कारण उद्या सकाळी बोर्ड छापून द्यायचा असतो.

उर्दूत काम करणाऱ्यांसाठी तर याहून जवळचे उदाहरण आहे. दिल्लीच्या कंपनीने १९९४ मध्ये आणलेले इनपेज हे उर्दू टाइपसेटिंगचे सॉफ्टवेअर मदरशापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे वापरले जाते. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने उघड केले की इनपेजमध्ये एक छिद्र आहे आणि इनपेजची साधी मजकुराची फाईल उघडली तरी संगणकाचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकतो. आशियातल्या बँका आणि सरकारी कार्यालयांवर या मार्गाने हल्ले झाले होते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, मायक्रोसॉफ्टनेही अशाच हल्ल्यांची माहिती दिली. त्यातली बहुतेक लक्ष्ये पाकिस्तानात होती.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी : ही फाईल प्रोग्रॅम नव्हती, नुसता उर्दू मजकूर होता. 'एक्सई नसेल तर भीती नाही' हा आपला समज इथे मोडतो. ज्या भाषेचे वाचक कमी आणि सॉफ्टवेअर जुने, त्या भाषेवर नेम धरणारेही असतात. कारण तिथे पहारा कमी असतो.

कोल्हापूरच्या एटीएमपर्यंत आलेला दरोडा

'आमच्या गावात कोण येतंय हॅक करायला?' हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकतो. त्याचे उत्तर ऑगस्ट २०१८ मध्ये मिळाले आहे.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलेले होते. कार्डाच्या मागणीला 'पैसे द्या' किंवा 'देऊ नका' हे ठरवणारे बँकेचे स्विच बाजूला पडले आणि त्याच्या जागी बसलेली बनावट यंत्रणा प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत राहिली. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही सुमारे अडीच कोटी निघाले आणि जिथून निघाले त्या शहरांत आपले कोल्हापूर होते. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, ती मात्र एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणाऱ्या इथल्याच हस्तकांना. सूत्रधार दूर राहिले, पोरं आत गेली.

अशा टोळ्या आत कशा शिरतात हे बांगलादेशच्या प्रकरणात स्पष्ट दिसले. बांगलादेश बँक म्हणजे त्या देशाची रिझर्व्ह बँक. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या एका तरुणाच्या नावाने अदबीने लिहिलेले ईमेल आले. सोबत बायोडाटा डाउनलोड करायची लिंक होती. ती कुणीतरी उघडली. चोर वर्षभर आत बसून पाहत राहिले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुवारच्या रात्री त्यांनी हात मारला. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये सुट्टी, सोमवारी मनिलात नववर्षाची सुट्टी. मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची होती. बरीचशी अडली, पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेलेच.

एका देशाच्या तिजोरीचे दार एका बायोडाट्याने उघडले. तो बायोडाटा वेगळ्या, बंद संगणकात उघडायची शिस्त असती तर? सगळे टळले असते असा दावा आम्ही करणार नाही. पण चोराला पहिल्याच पायरीवर अडखळावे लागले असते, एवढे नक्की.

पैशापलीकडचा प्रश्न

अनोळखी फाईल फक्त पैसेच नेते असे नाही. काही वेळा ती काहीतरी आणून ठेवते.

कोरेगाव भीमा प्रकरणात आरोपी असलेले रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवरील पत्रे हा तपास यंत्रणेचा महत्त्वाचा पुरावा होता. बचाव पक्षाने त्या डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडे तपासायला दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाचे म्हणणे असे : १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या व्यक्तीच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाईल विल्सन यांनी उघडली, तिच्यातून 'नेटवायर' नावाचे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये शिरले आणि पुढे त्याच वाटेने ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष फेटाळला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जामीन दिला, तो दीर्घ कारावास आणि लांबलेल्या खटल्याच्या कारणावरून. पत्रांच्या खरेखोटेपणाचा निवाडा त्यात झालेला नाही. तो न्यायालयच करील.

आमचा मुद्दा निवाड्याचा नाही. ओळखीच्या नावाने आलेली एक फाईल माणसाच्या संगणकात काय काय करू शकते, यावर इतका गंभीर वाद देशाच्या न्यायालयात उभा राहू शकतो, हे ध्यानात घ्यायला हवे. 'माझ्याकडे चोरण्यासारखं काही नाही' असे म्हणणाऱ्याने हा दुसरा विचारही करावा. आपल्या संगणकात काय आहे हे आपल्याला माहीत असणे, ही आता मनाच्या शांततेची गोष्ट राहिली नाही, कायद्याच्या संरक्षणाची झाली आहे.

खोली बांधायची कशी

आता कामाचे बोलू. सेवा केंद्र, पतसंस्था, शाळा किंवा ट्रस्टचे कार्यालय, कुणालाही करता येईल असे.

विंडोज १० किंवा ११ ची 'प्रो' आवृत्ती असेल तर त्यात 'विंडोज सँडबॉक्स' नावाची सोय आधीच असते. मायक्रोसॉफ्टने ती २०१९ मध्ये दिली. 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन ती चालू करायची. किमान ४ जीबी रॅम लागते, पण ८ जीबी असेल तरच काम सुरळीत होते. खिडकी उघडली की आत कोरे विंडोज मिळते, खिडकी बंद केली की आतले सगळे नष्ट. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, हेही इथेच सांगून ठेवतो.

विंडोज 'होम' असेल, आणि बहुतेक स्वस्त लॅपटॉपवर तेच असते, तर सँडबॉक्स मिळत नाही. मग 'व्हर्च्युअलबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर घ्यायचे, तेही फक्त त्याच्या अधिकृत साईटवरून. विषाची परीक्षा करायची वाटीच भेसळीची असून कसे चालेल? 'व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो'ही नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे. आत लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकली की परवान्याचा प्रश्न मिटतो. गिऱ्हाईकाची पीडीएफ किंवा वर्ड फाईल पाहायची एवढेच काम असेल तर लिनक्सचा पाहुणा उत्तम, कारण विंडोजसाठी लिहिलेला विषाणू तिथे सहसा चालतच नाही. एखादा विंडोजचा प्रोग्रॅमच तपासायचा असेल तर मात्र आत विंडोज हवे. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मोफत देते.

खोली बांधली तरी दारे-खिडक्या लावायला विसरू नका. आतल्या संगणकाचे इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर आतला किडा दुकानाच्या वायफायवरून शेजारच्या मशिनपर्यंत जाईल. सँडबॉक्समध्ये इंटरनेट आणि कॉपी-पेस्ट सुरुवातीपासूनच चालू असते, ते मुद्दाम बंद करावे लागते. दोन्ही संगणकांचे सामाईक फोल्डर ठेवायचे तर फक्त वाचण्यापुरते. आतून बाहेर काही लिहिले जाता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : त्या आतल्या संगणकात कधीही, कुठलाही पासवर्ड टाकायचा नाही. बँकेचा नाही, ईमेलचाही नाही.

त्याआधीची एक पायरी म्हणजे 'व्हायरसटोटल'. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गुगलकडे असलेली ही साईट एकच फाईल साठ-सत्तर अँटिव्हायरसकडून एकदम तपासून देते. सेटअपच्या फाईलसाठी ती जरूर वापरा. पण कुणाचे आधारकार्ड, निकाहनामा किंवा जमिनीचा दस्त तिथे चढवू नका. चढवलेल्या फायली सुरक्षा संशोधकांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना पाहता येतात. विषाणू शोधायच्या नादात गिऱ्हाईकाची अब्रू जगाला दाखवल्यासारखे होईल.

भिंतीलाही भोके असतात

या उपायाची मर्यादा सांगितली नाही तर आम्हीही अर्धेच सांगितले असे होईल.

विलगीकरणात चौदा दिवस का ठेवत होते? लक्षणे दिसायला वेळ लागायचा म्हणून. विषाणूचे सॉफ्टवेअरही असेच दबा धरून बसते. आपण आभासी संगणकात आहोत हे ओळखणारे प्रोग्रॅम असतात. तिथे ते अगदी सज्जनासारखे वागतात आणि खऱ्या मशिनवर गेले की रंग दाखवतात. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा 'वॉनाक्राय' आठवत असेल. तो सुरू होताना एका अस्तित्वातच नसलेल्या वेबसाईटला हाक मारायचा आणि उत्तर आले तर गप्प बसायचा. तपासणीच्या खोल्यांत अनेकदा कुठल्याही हाकेला खोटे उत्तर दिले जाते, म्हणून आपण खोलीत आहोत का हे ओळखायची ती खूण असावी, असा अंदाज पुढे मांडला गेला. मार्कस हचिन्स या इंग्लंडमधल्या तरुण संशोधकाने ते नाव नोंदवून टाकले आणि जगभरचा फैलाव मंदावला. म्हणजे आत काही वाईट दिसले तर फाईल नक्की वाईट. पण काही दिसले नाही म्हणून ती चांगली, असे प्रमाणपत्र कुणी देऊ नये.

भिंत फुटल्याचीही उदाहरणे आहेत. २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाचे छिद्र सापडले. आभासी संगणकातल्या फ्लॉपी डिस्कच्या जुन्या, विसरलेल्या कोडमधून आतल्याला बाहेर येता येईल असे ते होते. म्हणून खोली बांधणारे सॉफ्टवेअरही वेळच्या वेळी अपडेट करावे लागते.

आणि कधी कधी विश्वासाचा माणूसच विष घेऊन येतो. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' पसरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका नामांकित सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. त्या तडाख्यात न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. तिथे कुणी अनोळखी लिंक दाबली नव्हती. म्हणून खोली असली तरी बॅकअप हवाच, आणि तो संगणकाला सतत जोडलेला नसावा.

मग मोबाईलचे काय?

वाचक विचारतील, हे सगळे संगणकाचे झाले, लग्नपत्रिका तर मोबाईलवर येते. खरे आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅप मुळातच आपापल्या कोंडलेल्या खोलीत चालते. एका अॅपला दुसऱ्याचे दिसत नाही. मग पैसे जातात कसे? कारण दार आपणच उघडतो. 'एसएमएस वाचायची परवानगी द्या', 'अॅक्सेसिबिलिटी चालू करा' असे विचारले जाते आणि आपण 'अलाऊ' दाबत जातो. एसएमएस दिले की ओटीपी गेला. अॅक्सेसिबिलिटी दिली की स्क्रीनवर काय दिसते ते त्याला दिसते आणि तुमच्या बोटाच्या जागी त्याचे बोट चालते.

फोनमधले 'सिक्युअर फोल्डर' किंवा दुसरे प्रोफाईल म्हणजे तपासणीची खोली नव्हे. ते तुमचे फोटो इतरांपासून लपवायला आहे, विष तपासायला नाही. म्हणून मोबाईलच्या बाबतीत आमचे म्हणणे सरळ आहे : व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके तपासत बसूच नका, पुसून टाका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. चलन परिवहन खात्याच्या साईटवर पाहता येते. हजची माहिती हज कमिटीच्या साईटवर आणि 'हज सुविधा' अॅपवर मिळते, ते प्ले स्टोअरवरून घ्यावे. कुठल्याही खऱ्या कामाला व्हॉट्सअॅपवरची एपीके लागत नाही.

जबाबदारी कुणाची?

आता मूळ प्रश्नाकडे. हे ज्ञान जुने आहे, साधने बरीचशी मोफत आहेत. तरी ती गावात का नाहीत?

एक कारण बाजाराचे. सुरक्षेची सोय महागड्या आवृत्तीत आणि स्वस्त आवृत्तीत ती गायब. ज्याला तिची जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दुसरे कारण भाषेचे. या साधनांची नीट माहिती मराठीत आणि उर्दूत शोधायला जा, हाती फार थोडे लागते. तिसरे कारण सरकारचे. सरकारच्या सर्ट-इन संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, तिथे विषाणू काढायची मोफत साधने आहेत. चांगली गोष्ट. पण ते केंद्र म्हणजे एक वेबसाईट. दुसरीकडे गावपातळीवरचे फॉर्म, याद्या, परिपत्रके आजही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून फिरतात. एकीकडे 'फॉरवर्ड उघडू नका' म्हणायचे आणि दुसरीकडे काम फॉरवर्डवरच चालवायचे, यातून लोकांनी काय शिकायचे?

पैसे गेल्यावर तर सगळा भार माणसावर येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असाच नियम लागू झाला. पण ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल तर कळवण्याआधीचे नुकसान त्याचेच. एपीके उघडणे हा हलगर्जीपणा की फसवणूक, या एका शब्दावर गरिबाची वर्षभराची कमाई लटकते. आणि पतसंस्था तर या नियमाबाहेरच, कारण त्या बँका नाहीत, सहकार खात्याच्या देखरेखीखालच्या संस्था आहेत. आपल्या भागातल्या कित्येक घरांची पुंजी तिथेच असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सेवा केंद्राचा परवाना देताना एक वेगळा, नेटला न जोडलेला तपासणीचा संगणक किंवा आभासी संगणक असण्याची अट घालावी आणि त्याचे प्रशिक्षण सरकारने मराठीतून द्यावे. पतसंस्थांच्या वार्षिक तपासणीत हिशेबाबरोबर संगणकाची तपासणीही व्हावी. आयटीआय आणि महाविद्यालयांतल्या संगणक शिकणाऱ्या मुलांना तालुक्यातल्या दहा-दहा केंद्रांवर ही खोली बांधून देण्याचे काम प्रकल्प म्हणून द्यावे. जमातीच्या आणि ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांनीही एक जुना संगणक यासाठी बाजूला काढावा. मुलांना काम मिळेल, गावाला संरक्षण.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. पैसे गेलेच तर लाजू नका, १९३० वर लगेच फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येतात, उशीर झाला की ते दहा खात्यांत पांगतात.

दारात आलेल्याला पाणी देणे ही आपली रीत. पण अनोळखी माणसाला माजघरात नेऊन तिजोरीपाशी बसवत नाहीत, आधी ओसरीवर बसवतात, विचारपूस करतात. जुन्या घरांना ओसरी होती. आपल्या संगणकांना ती ठेवायची राहून गेली. ती बांधायला फार खर्च नाही, एका दुपारचे काम आहे.